वतनदार

पोरगा दहा-अकरा वर्षांचा असेल. नानवाईच्या खिडकीत मांडी घालून बसलेला, भुवया पिठाने पांढऱ्या, शेजारी एक बोथट सुरी. इंजिनिअर साहेबांनी त्याच्याकडे दोन नान मागितले. मी काबूलमध्ये नवा होतो, दरी भाषा, म्हणजे तिकडची फारसी, अजून कानावरून जात होती, पण 'दू नान' एवढं मलाही कळलं. पोराने मागच्या खिळ्यावरचे दोन लांबलचक नान ओढून साहेबांच्या हातावर टाकले, नोट घेतली, सुटे परत केले आणि तोंडभर हसून म्हणाला, "थँक यू, मिस्टर."

झालं ते एवढंच. साहेब नान छातीशी धरून दोन पावलं मागे आले आणि थांबले. तंदुरातून नुकताच निघालेला नान सदऱ्यातूनही चटका देतो, तरी ते तसेच उभे. गाडीत बसल्यावर मी सहज म्हणालो, की पोराला तेवढं एकच इंग्रजी येत असेल, दिसेल त्याला ऐकवत असेल. साहेबांनी मान हलवली. त्यांच्या आधी जो माणूस होता त्याला पोरगा 'काका' म्हणाला होता. डावीकडून ज्याने हात घातला त्यालाही काकाच. (दरीतही काका म्हणजे काकाच, मला पहिल्या आठवड्यात ज्या चार गोष्टींनी घरच्यासारखं वाटलं त्यातली ही एक.) "आणि मला मिस्टर," साहेब म्हणाले. "इथून तिसऱ्या गल्लीत माझा जन्म झालाय."

ही २००७ ची गोष्ट. माझ्या डोक्यात तो पोरगा का रुतून बसला ते मला नीट सांगता येणार नाही. पण अधूनमधून तो आठवायचा, आणि गेल्या महिन्यात साहेबांचा एक फोन आला त्यानंतर तर झोपेच्या वेळीही आठवायला लागलाय.

माझं काबूलला जाणं अगदी साधं होतं. नोकरी. पुल-ए-खुमरीहून काबूलपर्यंत २२० केव्हीची लाइन टाकायचं काम भारताच्या मदतीतून चाललं होतं आणि मी त्यातल्या एका ठेकेदाराकडून काबूलच्या टोकाला, चिमतलाच्या सबस्टेशनवर होतो. सुमारे २०० किलोमीटरची लाइन, मध्ये आडवा हिंदुकुश, आणि सालंग घाटाच्या वर बर्फ जितके महिने सवड देईल तितकेच महिने काम. इंजिनिअर साहेब तिथल्या बाजूने सल्लागार. त्यांचं नाव लिहीत नाही, आणि त्याची गरजही नाही. तिकडे इंजिनिअरला सगळे 'इंजिनिअर साहिब'च म्हणतात, आपल्याकडे डॉक्टरला म्हणतात तसं. ते मलाही तेच म्हणत. दिवसभर आम्ही दोघं एकमेकांना इंजिनिअर साहेब, इंजिनिअर साहेब करत असू आणि ड्रायव्हर आरशातून हसत असे. साहेबांचं शिक्षण रशियनांनी उभारलेल्या काबूल पॉलिटेक्निकमध्ये झालेलं, पहिली नोकरी नघलू धरणाच्या वीजघरात. १९७९ मध्ये मोठ्या भावाला घरातून उचलून नेलं. तो पुल-ए-चर्खीच्या तुरुंगात होता एवढीच बातमी आली, पुढे काहीच नाही. १९८१ च्या हिवाळ्यात साहेबांनी बायको आणि सहा महिन्यांची मुलगी घेऊन रातोरात पेशावर गाठलं. दोन वर्षांनी हॅम्बुर्ग. परत आले ते २००३ मध्ये, बावीस वर्षांनी, एकटे.

त्या नानच्या प्रसंगानंतर चारेक दिवसांनी, चिमतलाला अर्थिंगचे खड्डे मोजताना, साहेब एकदम म्हणाले, "कतार!" मी त्याआधी चार वर्षं दोहात काढलेली, मला वाटलं देशाबद्दल बोलतायत. ते रांगेबद्दल बोलत होते. कपडे तर त्यांचे सगळे तिथलेच होते. पेराहन-तुंबान, वर मळखाऊ कोट, पायात टायरच्या तळाची चप्पल. हॅम्बुर्गचा चष्मासुद्धा काढून त्यांनी मंडवी बाजारातला चष्मा डोळ्यांवर चढवला होता. भाषा तर इतकी जुनी काबुली, की पोरंटोरं तोंडाकडे बघत राहत. मग पोराने ओळखलं कशावरून? तर खिडकीपाशी तीन माणसं होती. साहेब त्यांच्या मागे, हातभर अंतर सोडून, आपली पाळी येईपर्यंत उभे राहिले. बाकी सगळ्यांचे हात दोन्ही बाजूंनी, खांद्यांवरून, काखेखालून खिडकीत जात होते. "वीस वर्षं जर्मन माणसांच्या मागे उभा राहिलो," ते म्हणाले. "कपडे बदलता येतात, इंजिनिअर साहेब. पण आपले पाय कुठे थांबतात ते कोण बघतं? त्या पोराने बघितलं."

पायांचाच विषय निघाला तर ते दगड आठवतात. तिकडच्या माळावर ठिकठिकाणी रंगवलेले दगड असत. पांढरे म्हणजे सुरुंग काढलेत, लाल म्हणजे अजून आहेत. टॉवरची जागा नकाशावर आपण ठरवायची, पण तिथे पहिलं पाऊल टाकायचं ते सुरुंगवाल्यांनी हिरवा कंदील दाखवल्यावर. आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक मदतनीस होता, तो लाल दगडांच्या कडेने शीळ घालत चालायचा. वस्तीतल्या पोराने गटाराच्या काठाने चालावं तसं. मी आणि साहेब मात्र पांढऱ्या दगडांच्या अगदी मधोमध, एकामागे एक. मी परका, मला भीती शोभत होती. साहेबांना ती शोभत नव्हती आणि हे त्यांना कळत होतं. एकदा त्या मदतनिसाने त्यांना हात दिला, म्हाताऱ्याला देतात तसा. साहेब त्या वेळी चोपन्न वर्षांचे होते. त्यांनी हात घेतला, पलीकडे आले, आणि मग उरलेला दिवस कुणाशी बोलले नाहीत.

आता तो शब्द. पहिल्याच दिवशी ट्रॅफिकमध्ये आमच्या ड्रायव्हरने काच खाली करून एका हातगाडीवाल्याला आरोळी दिली, "ओ वतनदार!" मी दचकलो. कांद्याची पोती ओढणारा, घामाने निथळणारा माणूस आणि वतनदार? माझ्या डोळ्यांपुढे वाईच्या आमच्या गावातले पाटील आले, शिक्का, मानाचा विडा, पोळ्याला पहिला बैल. तिकडे वतन म्हणजे फक्त देश, आणि वतनदार म्हणजे त्या देशाचा कुणीही. अनोळखी माणसाला हाक मारायची तर वतनदार. भिकाऱ्याला, पोलिसाला, शेजारच्या गाडीवाल्याला. आपण हाच शब्द घेऊन त्यातून सनदा काढल्या, भाऊबंदकी काढली, पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे काढले. मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चहा सांडला. "म्हणजे तुमच्याकडे वतन कोर्टात सिद्ध करावं लागतं!" हसू ओसरल्यावर म्हणाले, "इथेही लागतं. फक्त कोर्ट कुठे आहे ते सापडत नाही."

साहेबांना, माझ्या समोर तरी, कुणी वतनदार म्हणून हाक मारलेली मी ऐकली नाही.

त्यांच्या पाठीमागे जो शब्द वापरला जायचा तो मला ड्रायव्हरने सांगितला. ड्रायव्हर पेशावरच्या छावणीत वाढलेला, त्यामुळे उर्दू फर्डी आणि माझी हिंदी त्याला पुरेशी. शब्द होता 'सगशुई'. सग म्हणजे कुत्रा. फिरंग्यांच्या देशात जाऊन त्यांची कुत्री धुतली आणि आता डॉलर घेऊन आम्हाला शहाणपण शिकवायला आले, ते हे लोक. मला राग आला, पण ड्रायव्हरची बाजूही खोटी नव्हती. सरकारी शाळेतल्या त्याच्या भावाला महिन्याला शंभर डॉलरही मिळत नसत, आणि बाहेरून आलेले काही सल्लागार तेवढे एका दिवसात कमवत. वझीर अकबर खान या वस्तीतली घरं महिन्याला हजारो डॉलर भाड्याने जात होती. २००२ नंतरच्या सहा-सात वर्षांत पन्नास लाखांच्या आसपास अफगाण परतले म्हणतात, पण त्यातले बहुतेक पाकिस्तान-इराणातून, ट्रकच्या टपावर गाद्या आणि दाराच्या चौकटी बांधून. हो, चौकटीसुद्धा, लाकूड महाग. विमानाने, सुटकेस घेऊन आलेले मूठभरच. डोळ्यांत भरायचे ते तेच. साहेबांना हा शब्द माहीत होता. एकदा स्वतःच म्हणाले, "मी कुत्री नाही धुतली. पाच वर्षं गालिचे उचलले, मग लिफ्टची दुरुस्ती केली. पण हे कुणाकुणाला सांगू?" हॅम्बुर्गच्या बंदरालगत विटांची जुनी गोदामं आहेत, तिथे इराणी-अफगाणी व्यापाऱ्यांचे गालिचे असतात. साहेबांची कंबर तिथे गेली. धरणावरचा इंजिनिअर तिथे गालिच्यांच्या वळकट्या खांद्यावर घेऊन जिने चढायचा, कारण पॉलिटेक्निकच्या पदवीचा कागद कुणाला वाचता येत नव्हता.

कार्ते सेमधलं घर बघायला त्यांनी मला एका शुक्रवारी नेलं. पश्चिम काबूलचं काय झालं ते बातम्यांतून ठाऊक असलं तरी डोळ्यांनी बघणं वेगळं. १९९२ ते ९४ मध्ये रशियन नव्हते, अमेरिकन नव्हते, तालिबानही अजून काबूलपर्यंत आले नव्हते. काल एकत्र लढलेलेच एकमेकांवर रॉकेट टाकत होते. रस्त्याच्या टोकाला दारुल अमान महालाचा सांगाडा, आणि दोन्ही बाजूंना भिंती, पावसात विरघळलेल्या ढेकळांसारख्या. साहेबांचं घर त्यातल्या त्यात उभं होतं. दोन खोल्यांना छप्पर, तिसरीला प्लास्टिक. त्यात शोमालीहून आलेलं एक कुटुंब राहत होतं. एक विधवा, तिचे दोन मुलगे, सुना, पोरं. शोमालीच्या मैदानात द्राक्षांचे मळे होते. १९९९ मध्ये तालिबानने ते जाळले, वेली बुंध्यापासून तोडल्या, माणसं हाकलली. ती माणसं काबूलमध्ये जिथे छप्पर दिसलं तिथे शिरली. साहेबांकडे घराचा कबाला होता, म्हणजे आपलं खरेदीखत. हॅम्बुर्गला वीस वर्षं तो प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बिस्किटाच्या डब्यात आणि डबा कपाटावर, असा ठेवलेला.

२००३ मध्ये तो डब्यासकट घेऊन ते या दारात आले होते. म्हातारीने कोण, कुठले, काही न विचारता आत बसवलं, चहा दिला, वेलदोड्याचा, आणि बशीत चार नुकुल, म्हणजे साखरेत घोळवलेले बदाम. साहेबांनी चहा घेतला आणि डबा न उघडता परत आले. पुढे कधीतरी सांगितलंही, की घर माझं आहे. ती म्हणाली, आम्हाला कधी जायचंय ते सांगा. ते म्हणाले, बघू. ते 'बघू' मी तिथे होतो तोवर चालू होतं. स्वतः दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शुक्रवारी आपल्याच घरी पाहुणे म्हणून जायचे. मी गेलो तेव्हा त्यांना सगळ्यात उंच गादी, भिंतीपासची, दाराच्या समोरची. पाहुण्याची जागा. साहेबांनी अंगणातल्या एका खड्ड्याकडे बोट दाखवून मला सांगितलं, इथे तुतीचं झाड होतं. म्हातारी घाईने म्हणाली, आम्ही नाही तोडलं, आम्ही आलो तेव्हा खोडच होतं. तीनदा म्हणाली. बाहेर पडताना साहेब म्हणाले, "दर वेळी सांगते. मी एकदाही विचारलेलं नाही."

लोकांना वाटतं, परत येणारा माणूस एकतर हुतात्मा असतो नाहीतर संधिसाधू. साहेब यातले कुणीच नव्हते. चिडके होते. धुळीबद्दल कुरकुर करायचे, वेळेबद्दल तर विचारूच नका. सकाळी आठची मीटिंग साडेनऊला सुरू झाली की जर्मनमध्ये पुटपुटायचे. एका खात्यात सहीसाठी सात टेबलं फिरावं लागलं तेव्हा त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि कारकून शांतपणे म्हणाला, "साहिब, तुम्ही थकला असाल, तुमच्या देशात जाऊन विश्रांती घ्या." घरी आल्यावर त्यांनी तो संवाद मला दोनदा करून दाखवला, कारकुनाच्या आवाजात. बायको हॅम्बुर्गलाच होती. ती यायला तयार नव्हती. भांडण नव्हतं, तिने स्पष्ट सांगितलं होतं की एकदा पळाले, पुन्हा पळायची ताकद नाही. मुलगी फोनवर जर्मन बोलायची. मी एकदा विचारलं, मग आलात कशाला? त्यांनी बराच वेळ डाळिंबाचे दाणे सोलले. मग म्हणाले, "लिफ्ट दुरुस्त करताना नेहमी वाटायचं, तिकडे नघलूचं टर्बाइन कोण बघत असेल." हे उत्तर मला त्या वेळी फारच तोकडं वाटलं होतं.

एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी मराठा मुलखातला म्हटल्यावर साहेबांनी भुवया उंचावल्या होत्या. "अहमदशाह बाबाशी लढलेले?" आपण ज्याला अब्दाली म्हणून दात-ओठ खातो तो तिकडे बाबा, राष्ट्रपिता. पानिपत त्यांना एक विजय म्हणून माहीत. आपल्याला पानिपत म्हणजे कामाचं, लग्नाचं, परीक्षेचं काहीही होऊ शकतं हे समजावताना माझी दमछाक झाली. मग एका संध्याकाळी त्यांनी मला काबूल नदीजवळ, बाजाराच्या गर्दीत, एका विटांच्या घुमटापाशी नेलं. तैमूरशाहची कबर. अब्दालीचा मुलगा, राजधानी कंदाहारहून काबूलला आणणारा. मी हिशोब केला: म्हणजे १७५८ मध्ये राघोबादादांच्या फौजेने लाहोरातून पिटाळला तो हाच. साहेबांना सांगितलं. ते कबरीकडे बघून म्हणाले, "हासुद्धा घर सोडून पळालेला? मग बरोबर शहरात पुरलाय."

७ जुलै २००८. सोमवार. सकाळी साडेआठच्या सुमारास आम्ही निघायच्या तयारीत होतो आणि खिडक्या हादरल्या. थोड्या वेळाने शहर-ए-नवच्या दिशेला धूर दिसला. भारतीय दूतावासावर गाडीबॉम्ब. पन्नासहून अधिक माणसं गेली, त्यात आपले चार. पण बाकी जवळजवळ सगळे अफगाण, आणि त्यातले बरेच व्हिसासाठी रांगेत उभे असलेले. उपचाराला दिल्लीला जायचं म्हणून, शिकायला जायचं म्हणून भल्या पहाटे नंबर लावलेले. आमच्या गेस्ट हाउसमध्ये त्या दिवशी जेवण झालं नाही, घरून फोनवर फोन. संध्याकाळी साहेब आले. मांदा नबाशी, म्हणाले. तिकडचं रोजचं अभिवादन आहे ते, थकू नका अशा अर्थाचं. उत्तर द्यायचं जिंदा बाशी, जगा. त्या दिवशी मला ते उत्तर पटकन देता आलं नाही. ते माझ्याजवळ बसून राहिले आणि खूप वेळाने एवढंच म्हणाले, "बघा. रांगेत उभे होते."

त्यानंतर त्यांनी कुठल्याही रांगेबद्दल माझ्याशी विनोद केला नाही.

कामाचं बोलायचं तर ते झालं, जसं मोठं काम होतं तसं, उशिरा आणि तुकड्यातुकड्याने. २००९ च्या सुरुवातीला उझबेकिस्तानची वीज काबूलपर्यंत आली. त्याआधीचं काबूल ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. ऐकलंय म्हणतो, कारण ते शहर रात्री जनरेटरच्या आवाजाने बनलेलं असायचं. प्रत्येक दुकानासमोर एक लाल डबडं धडधडतंय, डिझेलचा धूर थंडीमुळे जमिनीला चिकटून राहिलेला, नाकात काजळी. ज्या भागात जनरेटर नाही तिथे नुसता अंधार. आमच्या फीडरवर पहिल्यांदा रात्रभर पुरवठा टिकला त्या रात्री मी कंट्रोल रूममध्ये मीटरच्या काट्याकडे बघत होतो आणि साहेब गायब. शोधलं तर सापडले गच्चीवर. उणे सहा-सात तापमान, डोक्यावर पट्टू, हातात काही नाही. मला म्हणाले, "श्श. ऐका." खाली शहरातले जनरेटर एकेक करून बंद होत होते. अगदी सगळे नाही, पण या बाजूचे होत होते. मध्येच एक बंद पडायचा आणि तेवढ्या तुकड्यात कुत्र्याचं भुंकणं, कुणाची खोकल्याची उबळ, असं काहीबाही ऐकू यायचं. १९८१ मध्ये निघालो तेव्हा रात्रीचे हे आवाज होते, म्हणाले. आम्ही थंडीने नाक लाल होईपर्यंत तिथे उभे होतो. टर्बाइनबद्दलचं ते जुनं उत्तर मला त्या गच्चीवर कळलं असं म्हणणं जरा नाटकी होईल, पण निदान मी ते पुन्हा तोकडं म्हटलं नाही.

मी त्याच वर्षी परतलो. पुण्यात सिंहगड रोडला घर घेतलं. वाईजवळच्या गावी जाणं वर्षातून एकदा, जत्रेला. मागे एकदा एसटी थांब्यावरच्या टपरीत चहा मागितला तर पोराने विचारलं, "कुणाकडं आलाय पाव्हणं?" आमचं घर तिथून दिसतं. मी हसून सांगितलं, पण चहा कोमट लागला. आता आमच्या गावावर कुणी रॉकेट टाकलेलं नाही, आम्ही पोटासाठी आणि शाळेसाठी निघालो. त्यामुळे या दोन गोष्टी शेजारी मांडायलाही मला संकोच वाटतो. पण एक जुनी गोष्ट साहेबांना सांगितली होती ती आवडली होती त्यांना. आपल्याकडे दुष्काळात, धामधुमीत गाव सोडून गेलेल्याला परागंदा म्हणत, आणि मिरासदार परागंदा झाला तरी त्याचा हक्क बरीच वर्षं शाबूत राही. परत येऊन, देणं भागवून, तो आपलं शेत मागू शके. परागंदा हा शब्द त्यांचाच निघाला. फारसीत अर्थ, विखुरलेला. त्यांनी खिशातल्या डायरीत शब्द लिहून घेतला, आणि त्याखाली 'देणं भागवून' चं भाषांतर विचारून विचारून लिहिलं. किती देणं, कुणी ठरवायचं, हे त्यांनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. पांढरी ठरवत असेल, म्हणालो. पांढरी म्हणजे गाव, हे सांगण्यात आणखी अर्धा तास गेला.

१५ ऑगस्ट २०२१ ला इकडे झेंडावंदन, जिलबी, आणि दुपारनंतर टीव्हीवर काबूल. अश्रफ गनी देश सोडून गेले ही बातमी आली. तेही परतलेलेच, चोवीस वर्षांनी, २००१ मध्ये, वर्ल्ड बँकेतली नोकरी सोडून. मग अर्थमंत्री, मग अध्यक्ष. आमच्या काळात साहेब त्यांच्याबद्दल कौतुकाने बोलायचे, परतणारा असा असावा म्हणून. साहेबांचा फोन चार दिवस बंद. विमानतळावरची ती गर्दी मी झूम करकरून बघत होतो, मंडवीतला चष्मा दिसतो का म्हणून, जसं काही दिसणार होतं. पाचव्या दिवशी मेसेज आला, दोन शब्दांचा: "बर्क अस्त." वीज आहे. ऑक्टोबरमध्ये ते तोर्खमवरून पेशावरला गेले. चाळीस वर्षांपूर्वीचाच रस्ता, या वेळी दिवसाढवळ्या, जर्मन पासपोर्टवर, अडुसष्टाव्या वर्षी. बिस्किटाचा डबा त्यांनी कार्ते सेच्या म्हातारीच्या मोठ्या मुलाकडे ठेवला. ती स्वतः त्याआधीच गेली होती. गनींचा विषय मी एकदा काढून बघितला. "त्यांची वाट वेगळी होती," म्हणाले आणि हवामानावर आले.

आता महिन्यातून एखाद्या रविवारी फोन येतो. हॅम्बुर्गचा पाऊस, गुडघे, नातू. गेल्या महिन्यात बोलता बोलता मध्येच म्हणाले, "तो नानवाईचा पोरगा आठवतो?" मला हसू आलं, म्हटलं, तुमच्यापेक्षा मलाच जास्त आठवत असेल. "नाही," म्हणाले. "तुम्हाला पुढचं माहीत नाही."

मी परतल्यानंतर दोन वर्षांची गोष्ट. २०११ चा रमजान, तो ऑगस्टात आला होता, दिवस लांब आणि कोरडे. इफ्तारच्या आधी नानवाईपाशी कशी झुंबड उडते ते मी बघितलंय. बुरख्यातल्या बायका पायरीशी बसलेल्या, कुणी एखादा नान देईल म्हणून; खिडकीत वीस हात. साहेब साइटवरून दमून आलेले, घसा सुकलेला. त्यांनी काही विचार केला नाही. पुढे एक म्हातारा काठी टेकून उभा होता, त्याच्या खांद्यावरून हात घातला, जरा रेटलाच त्याला, आणि ओरडून नान मागितले. फुललेले शेवटचे दोन होते, ते पोराने त्यांच्या हातावर ठेवले. पोराला एव्हाना मिसरूड फुटलेलं. त्याने वर बघून विचारलं, "काका, आज पैसे की चोबखत?" चोबखत म्हणजे उधारीची काठी. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या नावाची एक काठी असते, जेवढे नान तेवढ्या खाचा. साहेबांच्या नावाची काठी तोवर नव्हती. त्यांनी म्हटलं, चोबखत. पोराने खाली वाकून एक नवी काठी काढली, सुरीने दोन खाचा पाडल्या आणि दोरीला अडकवली.

"मी घरी उडत गेलो," साहेब म्हणाले. "खजूर खाल्ला, पाणी प्यायलो, नान तोडला. दोन घास झाले आणि तो म्हातारा आठवला."

दुसऱ्या दिवशी ते लवकर जाऊन उभे राहिले, हातभर अंतर सोडून, तो येतो का बघत. नाही आला. त्यानंतरही नाही. इतकी वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच, ती काय म्हणेल ते माहीत होतं. आता घराजवळच्या बेकरीत रांगेचा नंबर देणारं यंत्र बसवलंय, आणि पुढे कुणीही नसलं तरी ते चिठ्ठी काढून उभे राहतात. दुकानातली मुलगी हसते.

मी विचारलं, "पण तो काका म्हणाला ना तुम्हाला?"

"म्हणाला."

पलीकडे बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाले, "आणि नान असे गरम होते, इंजिनिअर साहेब, काय सांगू."